लाकडाचा बॉयलर की उष्णतापंप? : दक्षिण स्वीडनमधील घरांच्या उष्णतेचा विचार

शीत प्रदेशातील घर हिवाळाभर उबदार ठेवणे ही तेथील रहिवाशाची अन्नवस्त्राइतकीच प्राथमिक गरज होय. महाराष्ट्रातील वाचकास या गरजेचा प्रत्यक्ष अनुभव सहसा नसतो. तथापि ती भागविणारी दोन्ही साधने त्याच्या परिचयाची आहेत. न्हाणीघरातील तांब्याचा बंब हा लाकडाच्या बॉयलरचा सख्खा भाऊ. स्वयंपाकघरातील शीतकपाट, म्हणजेच फ्रीज, हा तत्त्वतः उष्णतापंपच होय. त्याच्या पाठीमागील जाळीला हात लावला असता जी ऊब जाणवते, तीच उष्णतापंपाचे फलित असते. या दोहोंपैकी घरासाठी काय निवडावे हा प्रश्न स्वीडनच्या दक्षिण भागातील स्मोलंडसारख्या जंगलव्याप्त प्रांतात आजही घरोघर उपस्थित होतो. व्हेक्शो या तेथील शहरात लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या केंद्रातून नळांवाटे गरम पाणी पुरविले जाते. परंतु शहराबाहेरच्या विखुरलेल्या घरांपर्यंत हे नळ पोचत नाहीत. तेथे ज्याने त्याने आपली सोय पाहावयाची असते.

ही निवड बहुधा दोन आकड्यांच्या आधारे केली जाते : यंत्राची वार्षिक कार्यक्षमता आणि इंधनाची किंमत. हे दोन्ही आकडे आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. घराला किती उष्णता लागते याबरोबरच ती कोणत्या तपमानाला लागते आणि वर्षातील कोणत्या घटकेला लागते, यांवर निवडीचा खरा निकाल अवलंबून असतो. वार्षिक सरासरीत नेमक्या याच दोन गोष्टी झाकल्या जातात.

प्रथम घराचे मोजमाप घेऊ जाता, जुन्या पण बऱ्यापैकी डागडुजी केलेल्या अशा एका घराची कल्पना करावी, की ज्याच्या भिंती, छप्पर व खिडक्या यांतून आतबाहेरच्या तपमानातील प्रत्येक अंश फरकामागे २०० वॅट उष्णता बाहेर जाते. माणसे, दिवे व स्वयंपाक यांपासून मिळणारी फुकटची ऊब जमेस धरली, तर तापनयंत्राला घर सुमारे १७ अंश सेल्सिअसपर्यंतच नेऊन पोचवावे लागते. उरलेले काम ती ऊब करते. बाहेर ५ अंश असताना अशा घराची मागणी २·४ किलोवॅट, तर उणे १५ अंश असताना ६·४ किलोवॅट येते. दक्षिण स्वीडनच्या हवामानात याची वर्षाची बेरीज, आंघोळीच्या पाण्यासह, २२,००० किलोवॅट-तासांच्या, म्हणजे व्यवहारातील युनिटांच्या, आसपास भरते. पुढील विवेचनात हेच घर नमुना म्हणून गृहीत धरले आहे.

आता लाकूड. पूर्णपणे कोरड्या लाकडाच्या प्रत्येक किलोग्रॅमात सुमारे १९ मेगॅजूल उष्णता असते. वृक्षाची जात बदलली तरी वजनामागे हा आकडा फारसा बदलत नाही. ओलाव्याने मात्र तो झपाट्याने घटतो. एकूण वजनात २० टक्के पाणी असेल तर किलोमागे सुमारे ४·१ युनिट मिळतात, ५० टक्के पाणी असलेल्या नुकत्याच तोडलेल्या लाकडात २·३ युनिट. यावरून लाकूड वाळविल्याने उष्णता जवळजवळ दुप्पट होते असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे, कारण वाळताना किलोही घटतो. एक किलो ओला ओंडका वाळून २० टक्क्यांवर आला की त्याचे वजन ६२५ ग्रॅम भरते, व त्यातून सुमारे २·५६ युनिट मिळतात; म्हणजे त्याच ओंडक्यापासून मिळणारी वाढ जेमतेम नवव्या हिश्शाची. मग दोन उन्हाळे लाकूड रचून वाळविण्याचा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर उष्णतेच्या परिमाणात नसून ज्योतीच्या तपमानात आहे. लाकूड हे वस्तुतः बव्हंशी वायुरूपाने जळते. तापताच त्याच्या कोरड्या वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायू होऊन बाहेर पडतो, आणि हे वायू पूर्ण जळण्यास पुरेशी हवा, पुरेसा वेळ आणि फार मोठे तपमान लागते. ओलाव्याने ज्योत थंडावली की ते अर्धवट जळतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि डांबर निर्माण होते. बंबाच्या नळीत जी काळी पुटे चढतात ती याच कारणाने. बंबात तर ओलावा नसला तरी चोहोबाजूंचे पाणीच ज्योतीस विझवीत असते. आधुनिक बॉयलरमध्ये म्हणून ज्योत आधी खाली ओढून चिनी मातीसारख्या उष्णतारोधी द्रव्याच्या कोठडीतून नेतात, तेथे ती हजार अंशांच्या घरात पूर्ण जळू देतात, आणि त्यानंतरच तिची पाण्याशी गाठ घालतात. एवढ्या व्यवस्थेने ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक कार्यक्षमता साधते.

परंतु या उत्तम ज्वलनाची एक अट आहे : बॉयलर पूर्ण शक्तीनेच चालला पाहिजे. नमुन्याच्या घरास २·४ किलोवॅट हवे असताना २५ किलोवॅटचा अग्नी पेटविणे म्हणजे वाटीभर भातासाठी लग्नाचा हंडा चढविण्यासारखे होय. हवा कोंडून आग मंद ठेवणे हा जुना उपाय, आणि खेड्यांतील हिवाळी धुराचे मुख्य कारणही तोच. यावर खरा तोडगा म्हणजे पाण्याची मोठी साठवण-टाकी. १,५०० लिटर पाणी ३५ वरून ८५ अंशांवर नेले की त्यात सुमारे ८७ युनिट उष्णता साठते. तीन-चार तास धगधगीत आग पेटवावी, टाकी भरावी आणि आग विझू द्यावी. उणे १५ अंशांच्या दिवशी ही पुंजी साडेतेरा तास पुरते, ५ अंशांच्या दिवशी दीड दिवस. टाकीविना घेतलेला बॉयलर ही अर्धीच खरेदी होय. अशा स्थितीत कारखान्याने छापलेला कार्यक्षमतेचा आकडा घरात कधीच प्रत्ययास येत नाही.

८० टक्के हिशेबाने नमुन्याच्या घरास वर्षाला २७,५०० युनिट उष्णतेचे लाकूड लागते, म्हणजे वाळलेल्या बर्च लाकडाचे सुमारे १७ घनमीटर रचलेले ढीग, वजनाने पावणेसात टनांच्या जवळपास. ते तोडणे, फोडणे, रचणे, वाहणे आणि त्याची राख काढणे हा भाग जमाखर्चाच्या वहीत क्वचितच चढतो. स्वीडनमधील सुमारे निम्मे उत्पादक जंगल खाजगी व्यक्तींच्या मालकीचे आहे, आणि स्मोलंडमधील अनेक शेतकऱ्यांच्या दारातच लाकूड असते; त्यांना ते फुकट वाटते. चाळिशीत ते जवळजवळ तसे असतेही. पंचाहत्तरीत नसते.

उष्णतापंपाचा मार्ग सर्वस्वी निराळा. तो उष्णता उत्पन्न करीत नाही. बाहेरच्या थंड हवेतील अथवा जमिनीतील उष्णता उचलून आतल्या अधिक तपमानावर नेऊन ठेवतो. अत्यल्प तपमानाला उकळणारे द्रव्य, उदाहरणार्थ उणे ४२ अंशांना उकळणारे प्रोपेन, बाहेरच्या गारठ्यातही उष्णता शोषून वायुरूप होते. संपीडक, म्हणजेच कॉम्प्रेसर, त्या वायूस दाबून तप्त करतो. आणि घरातील पाण्यास आपली उष्णता देऊन तो पुन्हा द्रवरूप होतो. पाणी नैसर्गिकरीत्या उताराकडेच वाहते, पण मोटेने ते वर चढविता येते. येथे मोटेचे काम वीज करते. मोटेच्या बैलांचे श्रम जसे विहिरीच्या खोलीवर, तसे येथे विजेचा खर्च तपमानांतील अंतरावर अवलंबून असतो.

ही खोली मोजण्याचे सूत्र सादी कार्नोच्या १८२४ मधील विवेचनातून निष्पन्न होते. आदर्श पंपाचा कार्यगुणांक म्हणजे उष्ण बाजूचे निरपेक्ष तपमान भागिले दोन्ही बाजूंच्या तपमानांतील फरक. प्रत्यक्ष यंत्रांना या मर्यादेच्या ४० ते ५० टक्केच गाठता येतात. ४५ टक्के धरून चालल्यास पुढील चित्र दिसते. बाहेर ५ अंश आहे आणि घराच्या जमिनीखालून ३५ अंशांचे पाणी फिरते आहे : आदर्श गुणांक ३०८ भागिले ३०, म्हणजे १०·३, व प्रत्यक्ष ४·६. बाहेर उणे १५ आहे आणि जुन्या लहान रेडिएटरांना ५५ अंशांचे पाणी लागते आहे : ३२८ भागिले ७०, म्हणजे ४·७, व प्रत्यक्ष जेमतेम २·१. यंत्र तेच, विक्रेता तोच, पत्रक तेच. केवळ दोन टोकांच्या तपमानांनी फळ निम्म्याहूनही खाली आणले. लाकडाच्या बॉयलरला हा दंड भरावा लागत नाही. हजार अंशांच्या ज्योतीस ३५ अंशांचे पाणी काय आणि ५५ अंशांचे काय, सारखेच.

याखेरीज हवेवर चालणाऱ्या पंपाच्या अंगी आणखी एक दोष असतो. गारठा वाढतो तशी घराची मागणी वाढते, पण पंपाची उचलण्याची शक्ती त्याच वेळी घटते. समजा, उणे १५ अंशांना नमुन्याच्या घरातील पंप ५ किलोवॅटच देऊ शकला, तर उरलेले १·४ किलोवॅट साध्या विद्युत्-तारेच्या उष्णतेने भरून काढावे लागतात. पंपास २·४ आणि तारेस १·४, मिळून ३·८ किलोवॅट वीज खर्चून ६·४ किलोवॅट उष्णता हाती येते. म्हणजे एकूण गुणांक १·७. दमट हवेत शून्याच्या किंचित वर असताना बाहेरच्या जाळीवर हिम साचते व ते वितळविण्यासाठी पंपास वारंवार उलटे चालावे लागते, हा त्रास वेगळाच. कोरड्या उणे १० अंशांपेक्षा ओलसर १ अंश या बाबतीत अधिक जाचक ठरतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण हवेत पाण्याची वाफ किती आहे हे पाहिले की उलगडा होतो.

स्वीडनच्या कठीण ग्रॅनाइटी खडकाने या अडचणीवर एक उत्तम वाट दिली आहे. शंभर ते दोनशे मीटर खोल छिद्र पाडून त्यातून न गोठणारा द्रव फिरविला, की तो हिवाळाभर शून्याच्या आसपासच्या तपमानावर परत येतो. कारण खडकाचे तपमान स्थळाच्या वार्षिक सरासरीजवळ असते व ऋतुमानाने बदलत नाही. अशा विंधनछिद्रावर चालणाऱ्या पंपास ५५ अंशांच्या पाण्यासाठीही २·७ च्या आसपास आणि ३५ अंशांसाठी ४ इतका गुणांक मिळतो. मुख्य म्हणजे ऐन गारठ्यात तो ढासळत नाही. खर्चाचा मोठा भाग छिद्र पाडण्यातच जातो. पण एकदा पाडलेले छिद्र यंत्राच्या आयुष्याहून कितीतरी अधिक काळ टिकते. ते यंत्राच्या किमतीत न धरता घराच्या किमतीत धरणे न्याय्य होय.

मग पैशाच्या दृष्टीने काय? सूत्र सोपे आहे. विजेच्या युनिटची किंमत लाकडातील युनिटच्या किमतीच्या जितकी पट असेल, ती पट पंपाचा गुणांक भागिले बॉयलरची कार्यक्षमता या भागाकाराहून कमी असेल, तर पंप स्वस्त. अधिक असेल तर लाकूड स्वस्त. वार्षिक गुणांक ३ आणि कार्यक्षमता ०·८ घेता हा भागाकार ३·७५ येतो. परंतु उणे १५ अंशांच्या रात्री, वर दाखविल्याप्रमाणे गुणांक १·७ वर उतरला असता, तो अवघा २·१ राहतो. आणि ज्या रात्री एका घराचा पंप धडपडत असतो त्याच रात्री साऱ्या प्रांतातील पंप धडपडत असतात. म्हणून वीज नेमकी तेव्हाच महागते. स्वीडनमध्ये १ नोव्हेंबर २०११ पासून विजेच्या दराचे चार विभाग आहेत. जलविद्युत् उत्तरेस, मागणी दक्षिणेस. त्यात बार्सेबेक येथील दोन अणुभट्ट्या १९९९ व २००५ मध्ये, आणि रिंगहाल्स येथील दोन २०१९ व २०२० मध्ये बंद झाल्या. २०२२ मध्ये युरोपातील वायूच्या टंचाईने दर भडकले, तेव्हा दक्षिणेतील ग्राहकास उत्तरेतील ग्राहकाच्या अनेक पट दर मोजावा लागला. ज्यांनी जुना बॉयलर भंगारात न काढता तळघरात ठेवला होता, त्यांना त्या हिवाळ्यात त्याचे मोल कळले असणार.

एवढ्यावरून लाकडाचा पक्ष घेणे मात्र घाईचे ठरेल. ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाच्या दृष्टीने पाहता, हजार अंशांची ज्योत पेटवून तिने २० अंशांची खोली तापविणे ही एक प्रकारची उधळपट्टीच होय. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले की, इंधन थेट जाळण्यापेक्षा त्यावर एंजिन चालवून त्या एंजिनने उष्णता उपसली, तर तेवढ्याच इंधनात अधिक उष्णता मिळू शकते. ही कल्पना बराच काळ कागदावर राहिली. झुरिच येथील नगरभवन १९३८ मध्ये लिमात नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून तापविण्यात आले, ते तिच्या आरंभीच्या ठळक प्रयोगांपैकी एक. स्वित्झर्लंडपाशी कोळसा नव्हता, नदी होती. व्हेक्शोच्या केंद्रात लाकूड १९८० पासून वापरात आहे आणि तेथे त्यापासून उष्णतेबरोबर वीजही निघते. अशा केंद्राचा ढोबळ हिशेब करून पाहावा : लाकडातील १०० युनिटांतून २८ विजेची आणि ६० उष्णतेची मिळाली, वहनातील घट वजा जाता २६ युनिट वीज खेड्यातील पंपापर्यंत पोचली, तर तेथे ७८ युनिट उष्णता व शहरात ६०, अशी एकूण १३८. तेच लाकूड शेतकऱ्याच्या तळघरात जाळले तर ८०. लाकूड कोठे जाळावे हा प्रश्न म्हणूनच लाकूड जाळावे की नाही या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाही. केंद्राच्या धुराड्यावर धूर गाळण्याची जी व्यवस्था परवडते ती घरगुती धुराड्यावर परवडत नाही, हा लाभ शिवाय. याउलट वीज जर कोळशाच्या औष्णिक केंद्रातून येत असेल, तर केंद्रातील ३५ ते ४० टक्के कार्यक्षमता आणि पंपाचा ३ हा गुणांक यांचा गुणाकार एकाच्या थोडासाच वर जातो. तेथे पंपाची श्रेष्ठता फार तोकडी पडते. स्वीडनची वीज प्रामुख्याने पाणी, अणू व वारा यांपासून होत असल्याने हा आक्षेप तेथे लागू पडत नाही. एका देशात काढलेला निष्कर्ष दुसऱ्या देशात जसाच्या तसा नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता अखेरच्या आणि सर्वांत गंभीर कसोटीकडे वळावयाचे. ८ व ९ जानेवारी २००५ रोजी ‘गुडरून’ नावाचे वादळ दक्षिण स्वीडनवर आदळले. एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकडाची झाडे कोसळली, बहुतेक स्मोलंड व त्याच्या आसपास. झाडे विजेच्या तारांवर पडली. लाखो ग्राहकांची वीज गेली आणि खेड्यांतील काहींना ती महिन्याहूनही अधिक काळ मिळाली नाही. दाराशी जन्मभर पुरेल इतके लाकूड आणि भिंतीत विजेचा एक थेंब नाही, असा तो विलक्षण प्रसंग होता. उष्णतापंप अर्थातच निरुपयोगी झाले. पण येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते : आधुनिक लाकडी बॉयलरही विजेवाचून चालत नाही. ज्योत खाली ओढणारा पंखा आणि पाणी फिरविणारा पंप, दोन्ही विजेवर चालतात. उलट पंप बंद पडला असता उष्णतापंप मुकाट्याने थांबतो. पेटलेला बॉयलर थांबत नाही, आणि त्यातील पाणी उकळू लागते.

जुन्या घरांत पाणी आपोआप फिरत असे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व निवलेले खाली येते, या तत्त्वावरच त्यांची रचना होती. ८० अंशांच्या पाण्याची घनता घनमीटरास सुमारे ९७२ किलोग्रॅम, ५० अंशांच्या पाण्याची ९८८. तीन मीटर उंचीवर या फरकाने मिळणारा दाब अवघा ४७० पास्कल, म्हणजे पाण्याच्या ४८ मिलिमीटर स्तंभाइतका. एवढ्याशा दाबाने पाणी हलावयाचे तर नळ रुंद लागतात. जुन्या घरांतील जाड लोखंडी नळ हा म्हणूनच त्या काळच्या कारागिरांचा गबाळेपणा नव्हता. नंतरच्या अरुंद तांब्याच्या नळांतून पाणी पंपावाचून पुरेसे हलत नाही. वीज जाण्याचा धोका ज्या घरास खरोखर आहे, त्याच्यापुढील पर्याय यास्तव बॉयलर आणि पंप असे नसून, विजेवाचून चालणारी व्यवस्था आणि विजेवर चालणारी व्यवस्था असे आहेत. दिवाणखान्यातील साधी लोखंडी शेगडी पहिल्या वर्गात मोडते, तळघरातील उंची बॉयलर दुसऱ्या.

अनेक घरमालक दोन्ही यंत्रे ठेवणे पसंत करतात : बाहेर उणे ५ अंशांपर्यंत पंप, त्याखाली लाकूड. अशा जोडणीत लाकडाची गरज १७ घनमीटरांवरून अल्पांशावर येते आणि पंप त्याच्या अनुकूल तपमानांतच चालतो. मात्र दोन्ही एकाच टाकीस जोडावयाचे असल्यास सावधगिरी हवी. टाकीत गरम पाणी वर व थंड खाली असे थर असतात, आणि बॉयलरच्या दृष्टीने ८५ अंश हे यश असले तरी पंपाच्या दृष्टीने ते संकट होय. पंपाचे पाणी टाकीत जोराने सोडले तर थर ढवळले जातात. वरचे ८५ अंशांचे आणि खालचे ३० अंशांचे पाणी मिसळून सारी टाकी साठाच्या खाली येते, तेव्हा आंघोळीस ते पुरेसे गरम उरत नाही आणि पंपास परत येणारे पाणी मात्र नको तितके तापलेले मिळते. पंपाचा प्रवेश म्हणून टाकीच्या खालच्या तृतीयांशात, रुंद तोंडाच्या नळीतून, संथपणे ठेवावा. आणि टाकीचा वरचा भाग तापलेला असेल तोवर पंप सुरू होणार नाही, अशी तपमानदर्शकाची जोडणी करावी.